कोरकू पोरांच्या वर्गात कोरकू बोलणारा मास्तर द्या : दोन मंत्र्यांना खुले पत्र

धारणी, जि. अमरावती
5 सप्टेंबर 2025, शिक्षकदिन

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री आणि मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी मेळघाटातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. जमातीने कोरकू. 1989 साली जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालो आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. पस्तीस वर्षांत धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या सहा शाळा केल्या. त्यांतल्या दोन शाळांना पावसाळ्यात चालत जावं लागायचं. नोकरीत असताना सरकारच्या निर्णयाबद्दल जाहीर लिहायला सेवेचे नियम आड येत होते. आता येत नाहीत, म्हणून लिहितो आहे. निवेदन दिलं असतं तर त्यावर आवक क्रमांक पडला असता आणि ते फायलीत गेलं असतं. हे पत्र सगळ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे.

निमित्त तुम्हाला माहीत आहे. मे 2025 मध्ये आदिवासी विकास विभागाने शासकीय आश्रमशाळांतली शिक्षकांची 1,791 पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटी संस्थेमार्फत भरायचं ठरवलं. वर्षानुवर्षं तासिकेवर आणि रोजंदारीवर शिकवणारी माणसं त्यामुळे बाहेर फेकली गेली. त्यांतले कितीतरी जण जुलैपासून नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले आहेत. भर पावसात, लेकराबाळांसकट. त्यांच्यात आमच्या घरचाही एक मुलगा आहे. त्याच्याबद्दल पुढे सांगतो. आधी माझ्या पहिलीच्या वर्गातली एक गोष्ट ऐका, कारण सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

साल 1972 किंवा 73 असावं. गावात दोन रांगांत समोरासमोर घरं आणि टोकाला एका खोलीची शाळा. मास्तर खालच्या मुलखातून, सपाटीवरून आलेले. त्यांनी भिंतीला चित्रांचा तक्ता लावला होता. छडीचं टोक एका चित्रावर ठेवून त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, "हे काय आहे?" चित्र वाघाचं होतं. मी आनंदाने ओरडलो, "कुला!"

आमच्या भाषेत वाघ म्हणजे कुला. गावाच्या शिवेवर आम्ही ज्याला पुजतो तो कुला मामा. मला उत्तर येत होतं आणि ते बरोबर होतं. पण मराठीत त्या शब्दाचा अर्थ काय होतो हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. मास्तरांनी फाडकन कानाखाली वाजवली. "घाण बोलतो? वर्गात घाण बोलतो?" वर्गातलं एकही पोर हसलं नाही. मारलं का, हेच कोणाला कळलं नव्हतं. आम्हाला एवढंच समजलं की शाळेत वाघाचं नाव घेतलं की मार बसतो. त्या वर्षी मी वर्गात पुन्हा तोंड उघडलं नाही. माझ्या शेजारी बसणारा तर दुसऱ्या दिवसापासून शाळेतच आला नाही. तो आजही गुरं राखतो. आमच्या वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा तोच होता. झाडावरचं पाखरू नुसत्या आवाजावरून ओळखायचा.

मास्तरांना मी वाईट म्हणत नाही. गावात हिवतापाची साथ आली तेव्हा रात्री कंदील घेऊन घरोघर गोळ्या वाटत फिरले होते. पण त्यांना आमची भाषा येत नव्हती, आणि ती यायला हवी असं त्यांना त्या गावी पाठवणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात आलं नव्हतं. मला मार का बसला होता ते कळायला बारा-तेरा वर्षं लागली. डीएडच्या वसतिगृहात मराठी मुलांच्या गप्पा ऐकताना तो शब्द कानावर पडला आणि एकदम लक्षात आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मंत्रिमहोदय, कोरकू ही मराठीची बोली नाही. मराठीशी तिचं नातंच नाही. ती मुंडा कुळातली, संथाळी आणि मुंडारीच्या नात्यातली भाषा. 2011च्या जनगणनेत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून सात लाखांहून जास्त लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली आहे. बाहेरच्या माणसाशी आम्ही मोडक्यातोडक्या हिंदीत बोलतो. म्हणजे मराठी ही आमच्या पोराची तिसरी भाषा. तिची गाठ पडते ती थेट पहिलीच्या वर्गात, आणि त्याच वर्गात त्याने ती वाचावी, लिहावी, तिच्यातून गणित शिकावं अशी अपेक्षा असते. नंतर पाहणी होते. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही असं निघतं, आणि दोष पोरावर, आईबापावर, कुपोषणावर जातो. सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी त्याचं बोलणं कळणारं माणूस वर्गात भेटलं होतं का, हे मात्र कोणी तपासत नाही.

मी शिक्षक झालो तेव्हा पहिल्या शाळेत पहिल्या दिवशी मी फक्त एक केलं. कळशीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "डा." डा म्हणजे पाणी. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पँट घातलेला, हजेरीपट घेतलेला माणूस आपल्यासारखं बोलतो, हे त्यांना खरंच वाटेना. एक मुलगी दाराशी गेली आणि बाहेर उभ्या असलेल्या आजीला मोठ्याने सांगून आली, मास्तर आपला आहे म्हणून. मग फळ्यावर मी मराठीत "पाणी" लिहिलं. दिवाळीपर्यंत त्या वर्गातली बहुतेक मुलं साधी मराठी वाक्यं वाचायला लागली होती. मी काही फार मोठा शिक्षक नव्हतो. त्यांच्या आणि पुस्तकाच्या मध्ये जी दरी होती तिच्यावर टाकायला माझ्याकडे फळी होती, एवढंच. ती मला कोणत्या प्रशिक्षणात मिळाली नव्हती, आईकडून मिळाली होती.

मराठीला माझा विरोध नाही. हे पत्र मी मराठीतच लिहितो आहे आणि पस्तीस वर्षं मराठीच शिकवली. कोरकू पोराला मराठी चांगली यावी म्हणूनच मला कोरकू बोलणारा मास्तर हवा आहे.

आता शाळेत आमची माणसं कुठे दिसतात ते पाहा. अंगणवाडीत दिसतात. अंगणवाडी सेविका त्याच गावची असावी लागते, म्हणून पोराला सहा वर्षांचं होईपर्यंत आपली भाषा बोलणारी ताई मिळते. आशाताईही गावातलीच. त्यानंतर पोरगं पहिलीत येतं आणि तो धागा तुटतो. आश्रमशाळेत गेलं तर तिथेही आमचा माणूस असतो, पण तो कामाठी असतो, नाहीतर स्वयंपाकी, नाहीतर चौकीदार. दोन शाळांत मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. रात्री वसतिगृहात पोरगं रडायला लागलं की अधीक्षक कामाठ्याला उठवतात. "बघ रे, काय म्हणतंय." कामाठी विचारतो, पोराच्या पोटात दुखतंय, आईची आठवण येते, कोणी मारलं, काय ते समजून घेतो आणि साहेबांना सांगतो. दिवसा वर्गातही तेच. नवीन सर एखादी गोष्ट तीनदा सांगून थकले की पाणी भरणाऱ्या कामाठ्याला दारात बोलावतात आणि तो एका वाक्यात समजावून जातो. आश्रमशाळेतलं सगळ्यात अवघड काम तो करतो आणि त्याच्या पगारपत्रकात त्या कामाचा उल्लेखही नसतो.

यातून आमच्या पोरांना, विशेषतः मुलग्यांना, काय दिसतं याचा विचार करा. मुलींना निदान अंगणवाडीची ताई दिसते, आशाताई दिसते, हातात रजिस्टर घेतलेली आपल्यातली बाई दिसते. मुलग्याला आपल्यातला पुरुष दिसतो तो जंगलखात्याच्या कामावर मजुरी करताना, दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जाताना, शहरात सळया वाकवताना, आणि शाळेत असलाच तर भांडी घासताना. खडू हातात घेतलेला कोरकू पुरुष त्याने पाहिलेलाच नसतो. दहावीनंतर मी कितीतरी मुलांना विचारलं, डीएड करशील का? त्यांतल्या एकाने मला विचारलं, "गुरुजी, ते आपल्याला चालतं का?" चालतं का म्हणजे परवानगी आहे का. पंचवीस-तीस वर्षं शिक्षक म्हणून त्याच तालुक्यात वावरलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्याने हे विचारलं.

ही अडचण एकट्या मेळघाटाची नाही. नंदुरबारच्या अक्राणीतल्या पावरी बोलणाऱ्या पोराची, भामरागडच्या माडिया पोराची, यवतमाळच्या कोलामाची, रायगडच्या कातकऱ्याची हीच कहाणी आहे. सातासमुद्रापारही आहे. अमेरिकेत शाळेतल्या शंभर शिक्षकांत काळे पुरुष दोनसुद्धा नाहीत. तिथल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एक लाखाच्या आसपास काळ्या मुलांची माहिती अभ्यासकांनी तपासली आणि 2017 साली निष्कर्ष मांडला. तिसरी ते पाचवीत एक तरी काळा शिक्षक लाभला असेल, तर गरीब घरच्या काळ्या मुलग्यांचं शाळा सोडण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. एकच शिक्षक, एकच वर्ष. पुतण्याने मोबाइलवर ही बातमी दाखवली तेव्हा मी ती दोनदा वाचून घेतली. त्याच देशाचा आणखी एक इतिहास आपण लक्षात ठेवण्याजोगा आहे. 1954 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बंद करायला सांगितल्या. निकाल न्याय्य होता. पण शाळा एकत्र करताना हजारो काळ्या शिक्षकांना घरी पाठवण्यात आलं आणि ती पोकळी सत्तर वर्षांत भरली नाही. काढून टाकलेला शिक्षक परत आणणं किती कठीण असतं, हे त्यांना आता कळतं आहे.

आपल्याकडे तर हे त्याच्याही कितीतरी आधी सांगून झालं आहे. 1882 साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागणी केली होती की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील आणि नांगराच्या रुमण्याला हात लावायला लाजणार नाहीत. त्या मागणीला दीडशे वर्षं व्हायला आली. मी वेगळं काही मागत नाही.

आता माझ्या तक्रारी. त्या कोणा एका मंत्र्याच्या किंवा एका पक्षाच्या काळातल्या नाहीत, पण आज उत्तर द्यायला तुम्ही त्या खुर्च्यांवर आहात.

पहिली तक्रार कंत्राटाची. माझा पुतण्या 2012 साली बारावी झाला. डीएड केलं, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास झाला. सात वर्षं आमच्या भागातल्या एका आश्रमशाळेत तासिकेवर शिकवलं. तासिका म्हणजे शिकवलेल्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. उन्हाळ्यात तो परतवाड्याला एका दुकानात काम करायचा. तरी टिकला, कारण त्याला शिकवणं आवडायचं. पोरांकडून कोरकू शब्द गोळा करून त्याने एक वही केली आहे. डाव्या बाजूला कोरकू, उजव्या बाजूला मराठी. झाडं, पाखरं, शेतीची अवजारं, नात्यांची नावं. त्याच्या वर्गातली पोरं दिवाळीनंतर परत यायची, हे त्या शाळेतले कायम शिक्षकही मान्य करतात. या जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा त्याला सांगण्यात आलं की तुमची गरज नाही, आता शिक्षक संस्थेमार्फत येतील. वही त्याने घरी आणून पेटीत ठेवली आणि नाशिकची गाडी धरली. आता फोनवर विचारतो, "काका, तुम्ही मला डीएड करायला लावलं, त्याचं काय झालं?" पस्तीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण त्याच्या या प्रश्नाला मला उत्तर सापडत नाही.

कंत्राटावर येणारा शिक्षक वाईट असेल असं मी म्हणत नाही. तोही गरजूच असणार. पण मुदत संपली की जायचं असलेला माणूस कोरकू कशासाठी शिकेल? आणि ज्याला कोरकू आधीच येते, सात वर्षांचा अनुभव आहे, पात्रता आहे, त्याला काढून हे करायचं, यात पोराचा फायदा कोणता, हे मला एकदा तरी समजावून सांगा.

दुसरी तक्रार पेसा भरतीची, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासीबहुल (अनुसूचित) क्षेत्रातल्या भरतीची. 9 जून 2014 रोजी राज्यपालांनी अधिसूचना काढली, की अनुसूचित क्षेत्रात शिक्षकांसह ठरावीक संवर्गांतली पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांमधून भरायची. आमच्या मुलांना वाटलं, आता आपल्याच गावात मास्तर होता येईल. त्या आशेवर अनेकांनी डीएडला प्रवेश घेतला. पुढे 22 एप्रिल 2020 रोजी आंध्र प्रदेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकपदांसाठी शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. आपल्या राज्यातली भरतीही न्यायालयात अडकली. परीक्षा झाल्या, याद्या लागल्या, नेमणुका थांबल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये विधानसभेच्या उपाध्यक्षांनाच मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घ्याव्या लागल्या. त्यानंतर निवड झालेल्या मुलांना मानधनावर नेमणुका मिळाल्या. म्हणजे गुणवत्ता यादीत नाव आलेला कोरकू मुलगा आजही तात्पुरताच आहे.

2017च्या जुलैमध्ये बोगस जातप्रमाणपत्रांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बोगस प्रमाणपत्रांवर बळकावलेल्या, खऱ्या आदिवासींच्या साडेबारा हजार जागांची चर्चा तेव्हापासून आम्ही ऐकतो आहोत. ती विशेष भरती पूर्ण झालेली नाही. त्या विषयावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल.

तिसरी तक्रार परीक्षेची, आणि ही मला सगळ्यात जास्त लागते, कारण ही दुरुस्त करायला कोणत्याही न्यायालयाची अडचण नाही. 2013 पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा, टीईटी आहे. परीक्षा असावी, माझी हरकत नाही. तिच्यात भाषेचे दोन विभाग असतात, तीस-तीस गुणांचे. उमेदवाराला निवडता येणाऱ्या भाषांत मराठी, इंग्रजी, हिंदी, उर्दू आहेत, गुजराती, तेलुगू, कन्नड, बंगाली, सिंधीही आहेत. योग्यच आहे, त्या माध्यमांची मुलं राज्यात आहेत. मग कोरकू का नाही? गोंडी, भिली का नाही? मेळघाटात शिकवायला निघालेल्या माणसाला कोरकू येते की नाही हे टीईटी विचारत नाही. शिक्षकभरतीसाठीची दोनशे गुणांची अभियोग्यता चाचणी विचारत नाही. शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ, पवित्र पोर्टल, तेही विचारत नाही. वर्गात पहिल्या दिवसापासून जी गोष्ट लागते तिला निवडीत शून्य गुण. आणि ज्याच्याकडे ती आहे तो, संगणकावर दोन तासांत दोनशे प्रश्न सोडवायचा सराव नाही म्हणून मागे पडतो. आमची मुलं या परीक्षेला आदल्या दिवशी निघतात. धारणीहून अमरावतीला घाटाच्या रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. बसस्टँडवर रात्र काढून सकाळी परीक्षेला बसलेली मुलं मला माहीत आहेत.

राज्यघटनेच्या 350 क कलमात, म्हणजे ज्याला आपण साडेतीनशे-ए म्हणतो त्यात, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं राज्यांना सांगितलं आहे. शिक्षणहक्क कायद्यात शक्य तिथवर मातृभाषा असं म्हटलं आहे. 2020च्या शैक्षणिक धोरणात तर त्यावर पानंच्या पानं आहेत. हे सगळं अमलात आणणारा माणूस शेवटी वर्गातला शिक्षकच, आणि तो निवडताना भाषा हा निकषच नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. 2012 पासून शिक्षकभरती जवळजवळ बंद होती आणि पवित्र पोर्टलवरून पहिली भरती व्हायला 2019 उजाडलं. शहरातल्या मुलाने तेवढ्यात दुसरा रस्ता धरला. आमच्याकडच्या मुलांची ती सात वर्षं मजुरीत गेली, आणि धाकट्या भावांनी त्यांची अवस्था पाहून डीएडचं नाव टाकलं.

पाचवी तक्रार पैशांची नाही, पण पैशांवरून सुरू होते. आदिवासी भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला 2002च्या शासन निर्णयाप्रमाणे एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरची वेतनश्रेणी मिळते. मलाही तिचा लाभ झाला. दुर्गम भागाचा मोबदला म्हणून ती रास्तच आहे. पण तो मोबदला रस्त्याचा आणि अंतराचा आहे. मुलांची भाषा शिकलेल्याला वेगळं काही नाही, आणि वीस वर्षं राहूनही "पाणी हवं का" एवढं न शिकलेल्याला विचारणारंही कोणी नाही.

यावर जे बोललं जातं ते मी ओळखून आहे. स्थानिकांना घेतलं तर गुणवत्ता घसरेल म्हणतात. सहा वर्षांचं मूल ज्याचं बोलणं समजू शकत नाही त्याची गुणवत्ता त्या मुलापर्यंत पोहोचते कशी, ते आधी सांगा. आणि मी पात्रता कमी करा असं कुठेच म्हटलेलं नाही. डीएड असो, टीईटी असो, त्याच्या जोडीला भाषा असो. ही मागणी त्यामुळे वाढीव पात्रतेची आहे.

दुसरं बोलणं जातीचं. शिक्षकाची जात बघायची का? नाही, भाषा बघा. माझ्या नोकरीच्या काळात दर्यापूरकडचे एक शिक्षक आमच्या केंद्रात होते. मराठा घरातले. पहिल्या वर्षी संध्याकाळी गावात बायाबापड्यांमध्ये बसून कोरकू शिकले. चुकायचे, पोरं हसायची, तेही हसायचे. तिसऱ्या वर्षी ते कोरकूत गोष्ट सांगायचे आणि होळीच्या फगव्याला लोक त्यांना हाताला धरून नाचायला न्यायचे. बदली झाली तेव्हा सगळा गाव फाट्यापर्यंत चालत गेला होता. असे शिक्षक आम्हाला आमचेच वाटतात. पण पस्तीस वर्षांत असे मला तीन भेटले. तेवढ्यावर दोन तालुक्यांच्या शाळा चालत नाहीत. आणि दर्यापूरच्या माणसाने कितीही जीव लावला तरी, आपल्यासारखाच बाप, आपल्यासारखंच घर असलेला माणूस मास्तर होऊ शकतो, हे त्या मुलग्याला दाखवायला आमच्यातलाच माणूस लागतो. दोन्ही लागतात.

न्यायालयाच्या निकालानंतरही हा रस्ता मोकळा आहे असं मला वाटतं. मी वकील नाही. पण पद कोणत्या जमातीचं हे ठरवणं वेगळं आणि पदाला कोणती भाषा लागते हे ठरवणं वेगळं. उर्दू शाळेला उर्दू येणारा शिक्षक लागतो यावर कोणी कोर्टात जात नाही.

माझ्या मागण्या अशा :

1. आश्रमशाळांतली शिक्षकपदं बाह्यस्रोतातून भरण्याचा निर्णय मागे घ्या. पात्रता असलेल्या तासिका आणि रोजंदारी शिक्षकांना त्यांच्या शाळांत परत घ्या आणि त्यांना कायम करण्याची तारीख जाहीर करा.

2. पेसा क्षेत्रात मानधनावर असलेल्या निवडप्राप्त शिक्षकांना नियमित नेमणूक द्या. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणात राज्याची बाजू काय आहे आणि सुनावणी लवकर व्हावी म्हणून काय केलं, ते लोकांना कळू द्या.

3. टीईटीच्या भाषा विभागात कोरकू, गोंडी, भिली या भाषांपासून सुरुवात करा. प्रश्नपत्रिका तयार होईपर्यंत अनुसूचित क्षेत्रातल्या पहिली ते चौथीच्या प्रत्येक पदासाठी बोलण्याची भाषा चाचणी घ्या आणि तिचे गुण निवडीत धरा. चाचणी घ्यायला गावातली जाणती माणसं बसवा. आमच्या म्हाताऱ्यांना पाच मिनिटांत कळतं समोरच्याला भाषा येते की नाही.

4. दहावी झालेल्या आदिवासी मुलामुलींतून दरवर्षी प्रत्येक तालुक्यातून शिक्षक होऊ इच्छिणारे निवडा. डीएड होईपर्यंत वसतिगृह आणि विद्यावेतन द्या. टीईटी आणि अभियोग्यता चाचणीचं केंद्र धारणीला, धडगावला, भामरागडला द्या. मुलग्यांकडे मुद्दाम लक्ष द्या, कारण घरात मजुरीची गरज पडली की पहिला तोच शाळेतून उठतो.

5. बाहेरून येणाऱ्या शिक्षकाला रुजू होताना भाषेचं प्रशिक्षण द्या आणि दोन वर्षांनी चाचणी घ्या. उत्तीर्ण झालेल्याला वेतनवाढ द्या. शिकवायला स्थानिक माणसं घ्या आणि त्यांना त्याचे पैसे द्या. आज जो कामाठी दुभाष्याचं काम फुकट करतो त्याच्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

6. अनुसूचित क्षेत्रातल्या तेराही जिल्ह्यांत शाळावार यादी जाहीर करा : मुलांची घरची भाषा कोणती, आणि ती येणारे शिक्षक किती. एका महिन्यात होणारं काम आहे.

या पत्राचं उत्तर मला दिवाळीच्या आधी हवं आहे, त्याचं कारण असं. दिवाळी झाली की आमची माणसं कामाला खाली उतरतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी कापूस वेचायला, कोणी बांधकामावर. त्या वेळी प्रत्येक घरात एकच बोलणं होतं, पोराला बरोबर न्यायचं की शाळेत ठेवायचं. शाळेत ठेवायचं तर तिथे कोणाच्या भरवशावर? माझ्या शाळांत आईबाप निघण्याच्या आदल्या रात्री माझ्याकडे यायचे, कोरकूत बोलायचे, पोराचा हात माझ्या हातात द्यायचे आणि जायचे. पुतण्याकडेही गेली सात वर्षं तसेच येत होते. या वर्षी ते आश्रमशाळेच्या फाटकाशी जातील तेव्हा तिथे त्यांचं बोलणं कळणारा शिक्षक उभा असेल की नाही, ते तुमच्या हातात आहे.

आपला,
एक निवृत्त कोरकू शिक्षक
ता. धारणी, जि. अमरावती